ससाण्याचं पीस

१

शनिवारी सकाळी सव्वाआठला वर्ना स्ट्राउडचा फोन आला.

"इमोजेन, पीस गेलं."

कोणतं पीस, हे मी विचारलं नाही. मंगळवारी वर्नाच्या कॉटनटेल खाणीत एक कप्पा फुटला होता आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत त्याची बातमी सॉरेल फ्लॅट या आमच्या गावच्या पेट्रोलपंपावर पोचली होती. मुठीएवढी पांढरी गारगोटी आणि तिच्यातून उगवलेलं बोटभर सोन्याचं पान. मध्ये कणा, दोन्ही बाजूंना तिरप्या शिरा. नेवाडातल्या आमच्या भागात सोनं बहुतेक डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीच्या रूपात सापडतं. स्फटिक होऊन वाढलेलं सोनं एखाद्याला जन्मात एकदा दिसतं. खाणीवरच्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'ससाण्याचं पीस'.

"शेरीफला कळवलंस?" मी विचारलं.

"कळवलं. त्याचा माणूस उद्या दुपारी येतोय. आला की बेनातला घेऊन जाईल. त्याआधी मला खात्री करून हवीय."

"तुझी खात्री नाहीये?"

"आहे ना. म्हणूनच तुला बोलावतेय."

मी गावात धातुपरीक्षणाची प्रयोगशाळा चालवते. लोक दगड आणून देतात, त्यात सोनं किती ते मी सांगते. चोर शोधणं माझं काम नव्हे. पण वर्नाला मी तीस वर्षं ओळखते आणि बेनात उरूतियाला त्याहून जास्त. बेनात एकसष्ट वर्षांचा आहे. खाणीतून जेवणाच्या डब्यात सोनं लपवून नेणारा, असा शिक्का एकदा बसला की आमच्याकडे त्या माणसाला कुणी भुयारात उतरू देत नाही. त्याचा मुलगा मोठ्या उघड्या खाणीवर ट्रक चालवतो. उद्यापासून रोज पाळी सुटताना त्याचेही बूट काढून बघतील.

मी निघाले. चौसष्ट मैल, त्यातले शेवटचे वीस कच्चे. खाऱ्या तळ्याच्या कोरड्या पात्राला वळसा घालून रस्ता खाणीच्या फाटकाशी जातो. फाटकाबाहेर पठारावर शेजारच्या रँचच्या गाई मोकळ्या चरतात. कुंपणाच्या खांबांवर त्यांच्यासाठी मिठाचे खडे ठेवलेले होते. मोजायची मला सवयच आहे. पाच खडे होते. पहिल्या चार खांबांपाशी कुणी नव्हतं आणि शेवटच्या खांबाभोवती चार गाई एकमेकींना ढुशा देत होत्या.

मी हॉर्न वाजवला. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

२

वर्नाने आधी मला तिजोरी दाखवली. ती होती धुलाईच्या शेडमध्ये, म्हणजे जिथे दगड आम्लात घालून सोनं मोकळं करतात तिथे. फोडाफोडीची एकही खूण नव्हती.

"किल्ली?"

"ही." तिने शर्टातून दोरी ओढून दाखवली. "आजपासून गळ्यात. वीस वर्षं त्या खिळ्यावर असायची." समोरच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारचा खिळा तिने हनुवटीने दाखवला. "वीस वर्षं, इमोजेन. कुणी हात लावला नव्हता."

काल रात्री नऊला तिने पीस आत ठेवून कुलूप लावलं होतं. आज सकाळी सातला ते नव्हतं. तळावर चारच माणसं होती. वर्ना स्वतः, खाणकामगार बेनात, धुलाई करणारी लोर्ना ट्रेगास्किस, आणि शुक्रवारी दुपारी ॲरिझोनाहून आलेला हॉलिस प्रुएट. कॉटनटेलचे सगळे नमुने हा प्रुएटच विकतो. वर्नाने फाटक बंद केलं आणि सगळ्यांच्या गाड्या, खोल्या, गाद्या, पिठाचा डबासुद्धा पाहिला. कुंपणाच्या आत सोनं नव्हतं.

"आणि बेनातच का?"

"बुधवारी भांडला तो. प्रुएटचं गिऱ्हाईक म्हणतंय, गारगोटी पूर्ण काढा, पीस सुटं हवं. सोमवारी आम्लात घालायचं ठरलं होतं. तर हा मला म्हणतो, 'आम्लातच घालणार असशील तर मला आधी सांग, मी ते परत भिंतीत बसवून येतो.'"

"त्याला नेचा आठवला असेल."

तीन वर्षांपूर्वी याच खाणीत सोन्याचा नेचा, म्हणजे फर्नच्या पानासारखं वाढलेलं सोनं, सापडला होता. तोही बेनातलाच. त्याची गारगोटी आम्लात विरघळली आणि आधार गेल्यावर नेचा टबाच्या तळाशी चुरा होऊन पडला. तो चुरा वितळवायला माझ्याकडेच आला होता. त्याची गोळी लिंबाच्या बीएवढी झाली.

"हे त्याहून जाड आहे," वर्ना म्हणाली. पण ते तिने माझ्याकडे न बघता म्हटलं.

३

बेनात स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. तळावर सगळे त्याला ओसाबा म्हणतात. त्याच्या घरच्या, स्पेनकडून आलेल्या बास्क बोलीत ओसाबा म्हणजे काका. त्याचे आजोबा या डोंगरांत मेंढ्या घेऊन आले होते.

"या बाई. झडती घ्यायची तर घ्या. कांद्यात माझ्या डोळ्यांचं पाणी सोडून काही नाही."

"तू घेतलंस का?"

"तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. नाही. वर्नाने विचारलंच नाही, थेट सांगितलं." त्याने कांदा कढईत लोटला. "तुम्ही जेवायला थांबा. मात्र अळणी आहे हं. गुरुवारपासून मीठ गायब. सोमवारी वर्नाने दोन किलोची पिशवी आणली, गुरुवारी मी घेवडा शिजवायला घेतला तर पिशवीच नाही. सगळी कपाटं पालथी घातली. तसाच वाढला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. लोकांना पीस गेल्याचं दुःख, मला त्या घेवड्याचं."

"बाहेर खांबांवर एवढं मीठ आहे."

"तळ्याचं? छे! कडू जहर. गाईसुद्धा नाइलाजाने चाटतात. इथे आत आल्या की आम्लाच्या शेडशी जातात, म्हणून मी दर शुक्रवारी चार खांबांवर चार खडे ठेवतो. आठवड्यात भुगा होतो त्यांचा."

मी मान हलवली. तळ्याच्या मिठात सोडियम सल्फेट असतं, टाकणखार असतो. सल्फेटातलं पाणी उडालं की खडा आपोआप भुसभुशीत होतो. त्याने सांगितलं ते रसायनशास्त्राला धरून होतं.

लोर्ना शेडमध्ये होती. चौतीस वर्षांची, बोलायला कमी आणि हाताने अचूक. जाड हातमोजे घालून ती काचेलाही खाणाऱ्या आम्लाच्या टबावर झाकण बसवत होती. बाकी सगळं ओळीत लावलेलं: ब्रश, लाकडी चिमटे, मऊ कागदाची गुंडाळी, दगड सुकवायची भट्टी.

"शेवटचं तू कधी पाहिलंस?"

"काल जेवणानंतर. प्रुएट भिंगातून बघत होते. त्यांनी हात लावला तेव्हा मी श्वास धरून होते." जरा थांबून ती म्हणाली, "ओसाबाने घेतलेलं नाही."

"तुला कसं माहीत?"

"माणूस माहीत आहे."

फळीवर एकाच मापाचे दोन खोल वाडगे पालथे होते. त्यांच्या काठाला बारीक पांढरी कड होती. मी नखाने ती खरवडली.

"पाण्याचा क्षार," लोर्ना लगेच म्हणाली.

"इथे पाणी जड आहे का?"

"भयंकर. म्हणून तर मी सगळं ऊर्ध्वपातित पाण्याने धुते."

मी वाडगा जागेवर ठेवला.

प्रुएट आपल्या गाडीच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. पांढरा शर्ट, चकचकीत बूट. त्याच्यापुढे उकडलेलं अंडं होतं आणि मोटेलमधून उचललेल्या मिठाच्या चिमुकल्या पुड्या.

"तुम्ही आलात म्हणे. छान! पण एक सांगू का, राग मानू नका. तुमच्या मुशीत सोनं गेलं की त्याची गोळी होते. सुंदर आणि कुरूप यांचं वजन तुमच्याकडे एकच. हे प्रकरण तुम्हाला कितपत कळणार?"

"वजनापुरतं कळेल. अंड्यासाठी मीठ सोबत आणलंत?"

"काल संध्याकाळी जेवताना कळलं की इथे मीठच नाही. गाडीत या पुड्या पडल्या होत्या, त्यांवर निभावतोय." त्याने एक पुडी फाडली. "चोराचं म्हणाल तर मी त्याला पाहिलं. आज सूर्य उगवताना. फाटकाकडून परत येत होता. मोठी हॅट, खांद्यावर रिकामं पोतं."

"चेहरा?"

"ऊन समोरून होतं. पण खांबांकडे पोतं घेऊन इथे कोण जातं, ते तुम्हीच विचारा."

४

मी पुन्हा स्वयंपाकघरात गेले. वर्नाही तिथे होती.

"बेनात, आज पहाटे पोतं घेऊन फाटकाकडून तू परत येत होतास का?"

घेवडा ढवळणारा त्याचा हात थांबला. किती वेळ, ते मी मोजलं. चार सेकंद.

"होय," तो म्हणाला. "मीच."

"मीठ ठेवायला?"

"मीठ ठेवायला."

"दर शुक्रवारी ठेवतोस म्हणालास. आज शनिवार."

"काल विसरलो होतो. म्हातारा झालो, बाई."

वर्नाने टेबलावर तळहात आपटला. "ऐकलंस? ऐकलंस ना? सकाळी मला म्हणाला की पहाटे अंथरुणातून उठलोच नाही! बेनात, मी तुझ्या मुलीच्या लग्नात नाचले. तू मला सांगितलं असतंस तर..."

"तर काय केलं असतंस?" त्याने शांतपणे विचारलं. "आम्लात घातलं नसतंस?"

वर्नाने तळहात टेबलावरून उचलला. ती बाहेर गेली. बेनातने घेवडा उतरवला, चार ताटल्या मांडल्या, मग माझ्यासाठी पाचवी. तो खोटं बोलत होता, हे मला दिसत होतं. ज्या खोट्याने स्वतःच्याच गळ्यात फास येतो ते माणूस कशासाठी बोलतो, एवढंच मला ठरवायचं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही पाचजण एकाच टेबलावर जेवलो. प्रुएटने मिठाची एक पुडी माझ्याकडे सरकवली. लोर्ना घास पुढ्यात ठेवून पाणी प्यायली. ती बेनातकडे पाहत होती आणि तो तिच्याकडे अजिबात पाहत नव्हता.

५

रविवारी उजाडल्यावर मी चहाचा कप घेऊन फाटकाकडे चालत गेले. लांबूनच एक माणूस दिसला. तो बेनात होता. हातात काठी घेऊन तो शेवटच्या खांबापासून गाईंना हाकलत होता.

मी थांबले. गाईंसाठी ठेवलेल्या मिठावरून तो गाईंनाच हाकलत होता.

मला पाहिल्यावर त्याने काठी खाली केली.

"लई माजल्यात," तो म्हणाला.

"बाकीच्या चार खांबांवर माजत नाहीत का?"

माझ्याकडे पाठ करून तो तळाकडे चालू लागला. जाताना त्याची चाल एकदम म्हाताऱ्यासारखी दिसली.

मी पहिल्या खांबाशी गेले आणि तिथला खडा चाटला. दगड हाती आला की आधी जिभेला लावायचा, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाच शिकवावं लागत नाही. ओला झाला की रंग कळतो, चवीवरून क्षार कळतो. कडू. जिभेवर साबणासारखा बुळबुळीत. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तसेच.

पाचवा खडा नारळाएवढा होता. बाहेरून तळ्याचा राखाडी चिखल. गाईंनी एक बाजू चाटून गुळगुळीत पांढरी केली होती. मी न चाटलेल्या बाजूचा चिखल बोटाने पुसला आणि जीभ लावली.

स्वच्छ खारट. रोजच्या जेवणातलं मीठ.

मग मी खडा फिरवला. गाईंनी चाटलेल्या बाजूला, जिथे मीठ सगळ्यात पातळ होतं, तिथून मऊ कागदाचा भिजका तुकडा लोंबत होता आणि त्याच्याखाली नखाएवढं पिवळं काहीतरी उन्हात चमकत होतं.

६

मी खडा टॉवेलमध्ये गुंडाळून आणला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठ्या भांड्यात ठेवला आणि त्यावर कोमट पाणी ओतलं. वर्ना, बेनात, लोर्ना, प्रुएट चौघेही बसले होते. दुपारी शेरीफचा माणूस यायला तीन तास होते.

"हे काय?" वर्नाने विचारलं.

"गुरुवारचं मीठ," मी म्हटलं. "विरघळायला वेळ लागेल. तोवर ऐका."

प्रुएट हसला. "म्हणजे चोर सापडला वाटतं. म्हातारेबुवा, आता बोला."

"तो बोलला काल. खोटं बोलला. आधी तुमच्याबद्दल सांगते, प्रुएट. पिशवी गुरुवारी संध्याकाळी नव्हती. तुम्ही शुक्रवारी दुपारी आलात. हे मीठ तुम्ही घेऊ शकत नव्हता. तुम्ही सुटलात."

"आभारी आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज मात्र बारीक झाला होता.

"वर्ना, पीस तुझंच. तुला ते सोमवारी टबात घालायचंच होतं. तुला लपवून काय मिळणार? राहिले दोघे. दोघांनाही ते टबात जायला नको होतं आणि दोघांनाही किल्लीचा खिळा माहीत होता."

"मी कबूल केलंय," बेनात म्हणाला. "पुढचं कशाला?"

"कबूल केलंस ते चुकीचं केलंस. गुरुवारी स्वयंपाक तुझ्याकडे होता. मीठ तूच चोरलं असतंस तर दोन चमचे घेवड्यासाठी ठेवले असतेस. तू अळणी घेवडा वाढलास आणि तीन दिवस त्याचं सुतक पाळतोयस."

वर्नाच्या तोंडून नकळत हसण्यासारखा आवाज निघाला.

"दुसरं. तू मेंढपाळांचा नातू. साध्या मिठावर जनावरं तुटून पडतात, हे तुला चालायला लागल्यापासून माहीत असणार. चार कडू खड्यांच्या शेजारी तू हा पाचवा ठेवला नसतास. हा ज्याने ठेवला त्याला वाटलं, सगळं मीठ सारखंच. गाईंच्या जिभेला काय वाटेल, हा विचार त्याच्या मनातच आला नाही."

भांड्यात खड्याला आडवी चीर गेली. दोन अर्धे सुटायला लागले. ते दोन सारखे अर्धे होते, दोन वाडग्यांतून काढलेले.

"मग साधं मीठच का घेतलं? तळ्याचं तर फुकट पडलंय. कारण ते सुकलं की फुटतं, आणि आत पीस होतं. ज्याला हे माहीत होतं, त्याला साच्यात मीठ बसवायचं आणि भट्टीत सुकवायचं माहीत होतं. पाण्याने मीठ जातं, सोनं राहतं, गारगोटीही राहते, ओरखडासुद्धा येत नाही, हेही माहीत होतं. गुरुवारी मिठाच्या दोन वाट्या करून ठेवल्या. शुक्रवारी रात्री पीस मऊ कागदात गुंडाळून आत ठेवलं, ओल्या मिठाने सांधा भरला, वरून चिखल लावला. सूर्य उगवताना हॅट घालून, पोत्यातून नेऊन खांबावर ठेवलं. कुंपणाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. प्रुएट निघून गेले की परत आणायचं." मी लोर्नाकडे पाहिलं. "ऊर्ध्वपातित पाण्याने धुतलेल्या वाडग्याला क्षाराची कड येत नाही."

लोर्ना उठली नाही. दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवून ती म्हणाली, "नेचा माझ्या हातात तुटला होता. मी चिमट्याने उचलला आणि तो नव्हताच. वर्ना, मी दोनदा सांगितलं तुला, हे पीस गारगोटीच्या आधारावर उभं आहे. तू म्हणालीस, गिऱ्हाईकाला हवंय."

"आणि बेनात?" वर्नाचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ऐकायला जड गेला. "मी त्याच्या गाद्या फाडल्या, लोर्ना. तू समोर उभी होतीस."

"शेरीफचा माणूस आला की सांगणार होते."

"सांगणार होतीस?"

लोर्नाने भांड्यातल्या पाण्याकडे पाहिलं. "माहीत नाही," ती म्हणाली. "तसं ठरवलं होतं. करता आलं असतं की नाही, माहीत नाही. ओसाबा, मी..."

"जाऊ दे, पोरी."

"जाऊ दे काय?" वर्ना त्याच्याकडे वळली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"शनिवारी सकाळी. तू माझ्या गादीतला कापूस काढत होतीस तेव्हा मी फाटकाशी जाऊन बसलो. शुक्रवारी मी चार खडे ठेवले होते. बघतो तर पाच. मीही चाटून बघितला. असं नेटकं काम इथे एकीच्याच हातचं." त्याने खांदे उडवले. "घेवड्याचं मीठ सापडलं, एवढं मात्र बरं वाटलं."

"आणि तू गप्प बसलास? तुझ्या पोराचं काय झालं असतं, विचार केलास?"

"केला ना. दोन दिवस तोच केला." आता त्याचा आवाज पहिल्यांदा जरा फाटला. "त्याला सांगितलं असतं, तो समजला असता. पण नेचा मी भिंतीतून काढला होता, वर्ना. लाखो वर्षं तो बरा होता. मी काढला आणि तीन आठवड्यांत त्याची गोळी झाली. दुसऱ्यांदा मला ते बघायचं नव्हतं."

पाण्यात दोन्ही वाट्या सुटल्या. लोर्नाने सवयीने बाह्या वर केल्या, मग वर्नाकडे पाहिलं. वर्नाने मान हलवली. लोर्नाने दोन्ही हात पाण्यात घालून, भिजलेला कागद पदरापदराने काढून, पीस बाहेर आणलं.

मी या धंद्यात एकतीस वर्षं आहे आणि सोनं माझ्यासाठी वजन असतं, हे प्रुएटचं म्हणणं खरं आहे. तरी मी खुर्ची पुढे ओढली. पानाच्या प्रत्येक शिरेवर बारीक त्रिकोणी पायऱ्या होत्या, एकावर एक, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. वरचं टोक मात्र डावीकडे वाकलं होतं.

प्रुएटने भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं.

"हे टोक?"

"गाईची जीभ," मी म्हटलं. "सोनं मऊ असतं."

"सरळ करता येईल?"

"नाही," लोर्ना आणि बेनात एकदम म्हणाले.

प्रुएटने भिंग मिटलं. "मग माझं गिऱ्हाईक घेणार नाही. ना सुटं, ना गारगोटीसकट. वाकलेल्या टोकाचा नमुना मी दाखवू कुणाला? वर्ना, माफ कर." तो उठला, खुर्ची नीट आत सारली आणि गाडीकडे गेला. दहा मिनिटांनी तळ्याच्या कडेने त्याची धूळ उडताना दिसली. मिठाच्या उरलेल्या पुड्या तो टेबलावर विसरला होता.

वर्ना पीस समोर घेऊन बसली होती. बोट जवळ नेऊनही तिने टोकाला स्पर्श केला नाही.

"लोर्ना," ती शेवटी म्हणाली, "फाटकाशी जा. शेरीफचा माणूस येईल. त्याला तू स्वतः सांग. सगळं, गादीसकट. तो तुझं काय करायचं ते ठरवेल. मी तक्रार मागे घेईन की नाही ते तू परत आल्यावर सांगते."

लोर्ना उठली, हॅट घेतली. दारात थांबून तिने बेनातकडे पाहिलं. तो म्हणाला, "काठी ने. गाई असतील."

ती गेल्यावर वर्नाने कपाटातून नमुन्यांच्या चिठ्ठ्यांचा डबा काढला. प्रत्येक नमुन्याला एक चिठ्ठी असते. खाण, पातळी, तारीख, आणि काही दोष असला तर तोही लिहायचा, ही सचोटीची रीत. शोधणाऱ्याचं नाव सहसा कुणी घालत नाही. वर्ना सावकाश लिहीत होती. मी उलट्या बाजूने वाचलं: कॉटनटेल खाण, दुसरी पातळी. शोधणारा: बेनात उरूतिया. मग तिने पेन उचलून मला विचारलं, "टोकाचं काय लिहू?"

"जे झालं ते."

तिने लिहिलं: टोक वाकलेलं. गाय.

बेनातने ते वाचलं, नाक ओढलं आणि म्हणाला, "माझ्या शेजारी गाईचं नाव. घरी काय सांगू?"

"तिने तुझ्यापेक्षा लवकर शोधलं, हे सांग," वर्ना म्हणाली.

चिठ्ठी वाळल्यावर तिने पीस तिजोरीत ठेवलं, कुलूप लावलं आणि स्वयंपाकघरात परत आली. गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. किल्ली हातात धरून ती थोडी उभी राहिली. मग दाराशेजारच्या खिळ्यावर ती अडकवली आणि माझ्या हातात गाडीची चावी पाहून म्हणाली, "गावात जातेयस तर कुणाबरोबर तरी मीठ पाठव. दोन किलो."

"चार," बेनात चुलीपाशी म्हणाला. "गाईंना आता ते कडू चालायचं नाही."